हलगी आणि एको

माझ्या धाकट्या भावाने आईवर पहिल्यांदा हात उचलला, तो आमटी गार होती म्हणून. मी हातातलं लाटणं त्याच्या खांद्यात घातलं. माझाही हात काही कमी नाही. त्याने ते हिसकावून ओट्यावर आपटलं, कडप्प्याचा टवका उडाला, आणि आई आमच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "हळू बोला, खाली ऐकू जातं." गालावर बोटं उमटली होती, पण तिला काळजी खालच्या मजल्याची.

वाघोलीची नोकरी सुटल्यावर तो आमच्याकडे धायरीला राहायला आला होता. आई निवृत्त शिक्षिका, मी बँकेत. दर आठवड्याला काहीतरी फुटायचं. कप, आरसा, एकदा टीव्ही. पोलिसांत जाऊ म्हटलं की आई म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मूठ कोणाची आणि पडते कोणावर, हे तिला विचारून उपयोग नव्हता. चाळीस वर्षं मुलांना शिस्त लावली, आता माझा मुलगा असा आहे हे कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच तिचं.

दसरा उलटला, गारठा पडायला लागला, आणि तो मंडईमागच्या गल्लीतून एक हलगी घेऊन आला. संध्याकाळी गच्चीवर घमेल्यात रद्दी पेटवायची, दवाने सैल पडलेलं कातडं त्यावर शेकून ताणून घ्यायचं आणि बडवायला सुरुवात. मी कॉलेजात तुणतुणं वाजवायचे, ते त्याने माळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं. तुणतुण्यापुढे माइक, माइकला एकोचं मशीन. मशीनचं बटण पायाने एकदा दाबलं की माझी एक तार गच्चीच्या चारी बाजूंनी परत परत यायची, पुन्हा दाबलं की गप्प. त्यावर त्याची हलगी. थोड्या वेळाने डोकं हलकं व्हायचं, समोरच्या इमारतीतले दिवे जागा बदलतायत असं वाटायचं.

"ह्याला सायकेडेलिक फोक म्हणतात, ताई."

"नाव काहीही दे," मी म्हटलं, "हात तिथेच आपट."

आणि खरंच तसं झालं. ज्या दिवशी तो मनसोक्त वाजवायचा, त्या दिवशी खाली येऊन निमूट जेवायचा. संगीताने मन शांत होतं वगैरे मला सांगू नका. माझं होत नव्हतं. प्रत्येक वेळी तार छेडताना ती त्याच्या पाठीत बसतेय असं मी समजायचे, म्हणून बरं वाटायचं. त्या हलगीचा मला संताप यायचा, आणि ती वाजली नाही तर धडकी भरायची.

सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "अहो ताई, रोज कोण वारतं तुमच्याकडे?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं. "म्हणूनच वाजवतोय."

त्यांना तो उद्धटपणा वाटला. गच्चीला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात आईचा हात मनगटात मोडला. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि शेजारच्या वहिनींनी आम्हाला मोरीत टाकायची रबरी चटई आणून दिली. मी त्या चटईकडे बघून रडले.

गच्ची परत मिळवायलाच हवी होती. नाहीतर पुढे काय मोडेल, ह्याचा विचार करवत नव्हता. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला ठरलेल्या गायिकेचा घसा बसला, तेव्हा मी सेक्रेटरींकडे गेले आणि म्हटलं, आम्ही वाजवतो, फुकट. लोकांना आवडलं तर कुलूप काढा. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काहीतरी देवाधर्माचं वाजवा म्हणजे झालं."

पार्किंगमध्ये सतरंज्या, मागे खुर्च्या, अंगाला उटण्याचा वास येणारी माणसं शाली गुंडाळून बसलेली. घमेल्यात विस्तव. सुरुवातीला माना डोलत होत्या. मग त्याने लय वाढवली, मी एको चढवला, आणि वर स्लॅब असल्यामुळे आवाजाला बाहेर जायला वाटच राहिली नाही. एक मूल किंचाळून रडायला लागलं. कोणीतरी चकली फेकून मारली. मग एक चप्पल आली. "बंद करा हा तमाशा," मागून एकजण ओरडला. भावाचे डोळे मिटलेले, तो बडवतच होता, काठीच्या टोकाला रक्त लागलं होतं, त्याच्याच बोटांचं.

सेक्रेटरी आले आणि त्यांनी हलगी हिसकावली.

त्याने त्यांची कॉलर धरली. हातातली काठी त्यांच्या भुवईवर बसली, रक्त नव्या झब्ब्यावर उतरलं. मग सगळेच धावले. दोघांनी त्याला खाली पाडला, एकाने मानेवर गुडघा दिला, बाकीचे लाथा घालत होते. घमेलं लवंडलं, राख त्याच्या तोंडात गेली. खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन-तीन लाथा मला गोड लागल्या. नंतर मीही ओरडले, "अहो, मरेल तो."

तेव्हा आई उठली. हात गळ्यात बांधलेला, अंगावर दिवाळीची नवी साडी. ती माझ्यापाशी आली, तुणतुण्यापुढचा माइक तिने डाव्या हाताने धरला आणि वर्गात बोलायची त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "त्याची हलगी त्याला देऊन टाका. ती नसली की तो मला मारतो."

एको चालूच होता. मला मारतो, स्लॅबवरून आलं. मारतो, जिन्याकडून आलं. मारतो, मीटरच्या खोलीकडून. ज्यांचे पाय उचललेले होते, ते खाली आले. सेक्रेटरी भुवईवर रुमाल दाबून आईच्या प्लास्टरकडे बघत राहिले. शेजारच्या वहिनींनी तोंडावर पदर धरला.

भाऊ मान उचलून माझ्याकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "बंद कर ना ते."

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. मी पाय मागे घेतला, आणि आई पुढचं सांगायला माइकजवळ वाकली.