विसराळू टेलरबाई

टेलरबाईंच्या विसराळूपणाचा घरात बोलबाला होता, आणि खरं सांगायचं तर बाई विसराळू कधी नव्हत्याच. एकदा अंगाला टेप लावला की ते माप त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं. कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाची कंबर बाळंतपणानंतर किती सुटली, विचारा आणि ऐका. पण घरच्यांना त्याचं काय! सासूबाई होत्या तोवर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या हिला स्वतःचं नाव पाठ आहे, हेच नशीब." नवरा होता तोवर बाईंनी लावलेलं कुलूप स्वतः ओढून बघायचा. आणि मुलगा, आता त्याचेही केस पिकायला आले, तरी बाहेर पडताना विचारायचाच, "आई, गॅस बंद केलास ना? नक्की?"

हे सगळं एका दुपारपासून सुरू झालं होतं.

शिवणाची खोली घराच्या मागच्या अंगाला. सुती कापड आटतं, म्हणून बेतण्याआधी बाई ते मोठ्या टबात भिजत घालायच्या. टब भरला की दाराची बाहेरची, वरची कडी लावायची, हा त्यांचा शिरस्ता, कारण घरात दोन लहान मुलं. त्या दिवशीही कडी लावून त्या पुढच्या खोलीत एका गिऱ्हाइकाला झगा घालून बघत होत्या. तोंडात टाचण्या होत्या. मुलाला खेळायला चिंध्या हव्या होत्या. त्याने कडी काढली, चिंध्या घेतल्या आणि अंगणात पळाला. दार उघडंच राहिलं. मागून दुडुदुडु चालत धाकटी चिमी आत गेली.

माणसं जमली तेव्हा कुणीतरी विचारलं, "कडी लावली नव्हती का?" मुलगा हातात चिंध्या घेऊन दारात उभा होता. झालं काय ते त्याला उमगलंच नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी विसरले."

हे दोन शब्द त्यांनी अंगावर चढवले ते कधी उतरवलेच नाहीत. सासूचे टोमणे, नवऱ्याचं वर्षानुवर्षं न बोलणं, सगळं त्या दोन शब्दांवर झेललं. मुलगा मोठा झाला, शिकला, त्याला शांत झोप लागायची. बाईंना तेवढं पुरे होतं.

म्हणूनच बाई खरोखर विसरायला लागल्या तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. मुलगा हसला, "आईचं नेहमीचंच!"

सून मात्र हसली नाही. "नेहमीचं कसलं? मी या घरात आल्यापासून बघतेय, आईंची शिलाई कधी चुकली नाही. डॉक्टरांना दाखवू या."

डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली, शब्द पाठ करायला सांगितले, मग मुलाला विचारलं, "कधीपासून विसरतात?"

"पहिल्यापासूनच," मुलगा म्हणाला.

बाईंनी पदर तोंडाशी धरला.

"आणि जुनं?" त्यांनी हळूच विचारलं. "जुनं कधी जातं?"

"त्याची काळजी नको, आजी. जुनं सगळ्यात शेवटी जातं. मनात आलेलं ओठांवर अडवायची जी ताकद असते ना, ती मात्र ढिली पडू शकते. भलतंसलतं बोलल्या तर घरच्यांनी मनावर घेऊ नका."

मुलाला हायसं वाटलं. बाईंनी पदर तोंडावर आणखी घट्ट दाबला.

पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं माप घेता घेता बाईंना आवाज ऐकू आला, "तुमचे मिस्टर दुसरीला घेऊन आले होते ना, तिची कंबर बारीक होती." खोलीत असं कोण बोललं, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. गिऱ्हाईक तशीच निघून गेली.

तेव्हापासून मुलगा घरी आला की बाई तोंडात टाचण्या धरून बसायला लागल्या, मांडीवर कापड असो नसो. "अहो आई, गिळाल एखादी!" म्हणत सुनेने टाचण्यांची डबी उचलून माळ्यावर टाकली. टब तर केव्हाच भंगारात गेला होता, तरी दुपारच्या शांततेत ओलं कापड पिळल्याचा आवाज यायचा. न्हाणीघरात बादली भरायला लागली की बाई धावत मागच्या खोलीत जायच्या आणि आतली कडी लावून घ्यायच्या. एकदा तासभर त्यांना ती काढताच आली नाही.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. "आतली-बाहेरची, दोन्ही कड्याच काढून टाकतो. एक कटकट संपेल."

बाई मशीनपाशी बसल्या होत्या. "काढू नकोस रे. चिमी आत जाईल."

त्याचा हात थांबला. हे नाव या घरात कुणी घेत नसे. तो जवळ येऊन मऊ आवाजात म्हणाला, "आई, चिमी नाहीये आता."

"मग परत काढू नकोस, म्हणतेय ना!"

"परत?"

बाई भानावर आल्या. त्या भराभर बोलायला लागल्या. "काही नाही रे, माझ्या तोंडाला काही धरबंध राहिला नाही. मी विसरले होते कडी लावायला. सगळ्यांना माहीत आहे. तू एवढासा, तुझा हात कुठला पोचायला! आणि स्टूल तर आतच होतं, टेबलाखाली."

मुलगा दाराकडे बघत होता, वरच्या कडीकडे, मग तिच्याखालच्या फरशीकडे.

"कुठलं स्टूल, आई?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. दातांवर दात दाबले. काही नाही म्हणायचं, एवढंच तर करायचं होतं. मी विसरले, म्हणायचं. तेवढ्यात त्यांना तो आवाज ऐकू आला, शांत, गिऱ्हाइकाला माप वाचून दाखवावं तसा.

"निळं. एक पाय डुगडुगायचा त्याचा. तू ओढत ओढत दारापाशी नेलंस."