आत्याबाईंचा सरकलेला मणका आणि माझा पाय

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, सरकलेला मणका आम्हाला दाखवला आणि विचारलं, "पायाला मुंग्या किती दिवसांपासून येतात?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "झाले असतील चार-आठ दिवस."

झाले होते पाच महिने. आत्याबाई सहसा खोटं बोलत नाहीत. त्या बोलल्या ते माझी चूक झाकायला.

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या हदगावकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. माझ्याकडे आसपासच्या गावांतूनही बाया यायच्या आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा तोरा होता. आत्याबाईंची कंबर धरली तेव्हा दवाखाना कुणाला आठवतो? सून घरातच पायाळू. दर रविवारी सकाळी त्या पालथ्या झोपायच्या, मी तीनदा पाय लावायचे आणि सासूला पाय लागला म्हणून लगेच त्यांच्या पाया पडायचे. दोघी हसायचो. दुखणं कंबरेतून डाव्या पायात उतरलं तरी आमचा रविवार चुकला नाही. शेवटी चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही, तेव्हा कुठे नांदेड गाठलं.

मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "तुमच्या पायानं मणका सरकला नाही," ते म्हणाले. "पण वेळ गेला. पंजात ताकद परत येईल का, हे आज सांगता येत नाही."

या आजाराचं नाव स्पॉन्डिलोलिस्थेसिस. वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकतो आणि पायाकडे जाणारी नस दाबली जाते. त्यावर मिनिमली इन्व्हेसिव्ह स्पायनल फ्यूजन करायचं ठरलं. पाठ फार न उघडता लहान छेदांतून नस मोकळी करतात, दोन मणके स्क्रू आणि सळीनं धरून ठेवतात, मध्ये हाडाचे बारीक तुकडे भरतात. पुढं काही महिन्यांत ते दोन्ही मणके एकजीव होतात.

आमचे हे लातूरहून आले. तिथल्या डाळमिलमधल्या कामावरून तसेच निघाले होते. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ आम्ही बाकड्यावर बसून होतो. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून आत्याबाईंना उभं केलं. कंबरेची कळ गेली होती. पण परत खाटेवर बसवून डावा पंजा वर ओढा म्हटलं, तर तो जागचा हलत नव्हता. त्यांची टाच तळहातावर घेऊन मी तिथंच रडायला लागले.

"कामून रडून राहिली, माय?" त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं तवा तू पाय लावला. सासूच पालथी पडल्यावर सुनंनं काय करावं?"

घरी आल्यावर तीन महिने वाकणं बंद, मांडी घालणं बंद. कुणावर ही वेळ आली तर सांगते, कमोडची खुर्ची आधी आणून ठेवा. आमची तिथंच तारांबळ उडाली. व्यायाम मी रोज दोनदा करून घ्यायचे. सहाव्या आठवड्यात एका सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला. मला भास वाटला. परत हलवा म्हटलं, तर त्यांनी परत हलवला आणि वर विचारलं, "आता चहा देती का?"

पंजा अजून पुरता उचलत नाही. चालताना पाय थोडा घासतो, उंबऱ्याशी मी हात देते. पण त्या रोज मारुतीच्या पारापर्यंत जाऊन येतात. माझ्या मनातली टोचणी पुरती गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. मी बायांना पाय लावणं मात्र कायमचं सोडलं.

परवा शेजारची सखूबाई कंबर धरून दारात आली. तिला पाय लावून घ्यायचा होता. खुर्चीतून आत्याबाईच बोलल्या, "तिचा पाय न्हाई लागत आता. मुंग्या येत्यात का सांग आधी."

सखूबाई म्हणाली, "हाव, लई येत्यात. दिवाळीपासून."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "साडी बदल. हिला नांदेडला तूच घेऊन जा. तुला समदं म्हाईत हाय."

मी साडी बदलायला आत गेले.