इकेतेरु

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि एका सकाळी मी इथे आखातात, आमच्या नजमा भागातल्या सलूनमध्ये जाऊन कमरेपर्यंतची वेणी कापून टाकली. कापताना काही वाटलं नाही. घरी आले आणि जीव थाऱ्यावर राहीना. हे काय म्हणतील? दार, आरसा, परत दार. स्वच्छ ओटा दोनदा पुसला.

संध्याकाळी हे आले, बूट काढले, "आज डब्यातली भाजी खारट होती" म्हणाले आणि बातम्या लावून बसले. दुसऱ्या दिवशीही केसांबद्दल चकार शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम टीव्हीसमोरून चार फेऱ्या मारल्या, तर म्हणाले, "बस ना जरा, काय सारख्या येरझारा घालतेस." असा राग आला म्हणून सांगू. पण मागून घेतलेलं कौतुक मला नको होतं. त्यांनी आपणहून म्हणायला हवं होतं, एवढंच.

शुक्रवारी सुट्टी. यांच्या गॅस प्रकल्पावरचा एक तरुण जपानी इंजिनिअर जेवायला आला. त्याने माझा फोटो यांच्या टेबलावर पाहिला होता, वेणीवाला. दारातच माझ्या केसांकडे बघून तो म्हणाला, "इकेतेरु." आणि लगेच तोंडावर हात ठेवून वाकून वाकून माफी मागायला लागला. साहेबांच्या बायकोला असं म्हणायचं नसतं म्हणे. तिकडची पोरंपोरी आपापसात म्हणतात.

हे खो खो हसले. "अगं, म्हणजे एकदम झकास, स्टायलिश. मी ऑफिसात रोज म्हणतो. कुणाचा टाय, ड्रायव्हरचा गॉगल..."

ड्रायव्हरचा गॉगल. मी पुऱ्या तळल्या, आग्रह करकरून वाढलं, आणि पाहुणा गेल्यावर भडकले.

"म्हणजे केस दिसले होते तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

हे चुळबुळले. "इकेतेरु."

"जपानीत नको. मराठीत म्हणा."

यांनी रिमोट उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "आपल्यात कुठे कोण असं म्हणतं गं? तू तरी मला कधी म्हणालीस?"

मी तोंड उघडलं. सुट्टी असून दाढी केलेली, निळा शर्ट कडक इस्त्रीचा. खरंच छान दिसत होते.

"चहा ठेवू का?" मी म्हणाले.