पंगतीचं व्रत

विरार पूर्वेला फुलपाड्यातल्या त्या सोसायटीत विनिता सामंत यांच्याइतकं धार्मिक कोणी नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. टाकीच्या पाण्यावरून आणि गणपतीच्या वर्गणीवरून जिथे दोन माणसांचं पटत नव्हतं, तिथे हे काही थोडं नव्हे. विनिता सोमवार करायची, गुरुवार करायची, शनिवार करायची, शिवाय चतुर्थ्या, एकादश्या आणि अख्खं नवरात्र. बाकीच्या बायका एकादशीला खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याची भाजी आणि वर दोन केळी एवढ्यावर कसाबसा उपास काढायच्या. विनिता नुसतं पाणी प्यायची. सासवा तिच्याकडे बोट दाखवून सुनांना सांगायच्या, बघा, याला म्हणतात निष्ठा.

निष्ठा होतीच, फक्त देवावर नव्हती. विनिताला खाण्याची भीती वाटायची. मालवणला कॉलेजात असताना एका लग्नात तिच्या आत्याने भर मांडवात म्हटलं होतं, "हिला उजवायची तर आधी दारं रुंद करा." मांडव खदाखदा हसला. आत्या पुढे जिलबी मागवून विसरूनही गेली, पण विनिताच्या घशात त्या दिवशी जे अडकलं ते अडकलंच. नुसतं "नको" म्हटलं की आई बळेबळे ताटावर बसवायची. "उपास आहे" म्हटलं की तीच आई कौतुकाने बघायची. देवांचे वार तिच्या असे कामाला आले. पण दाबून ठेवलेली भूक कधीतरी उसळायचीच. मग घरात कोणी नसताना चिवडा, लाडू, कालची पोळी, हाताला लागेल ते पोटात जायचं, आणि नंतर बाथरूमची कडी लावून सगळं उलटून टाकायचं. नवरा देवेंद्र मंत्रालयात कारकून होता. "आमच्या हिच्या पुण्याईवर चाललंय सगळं," असं तो चारचौघांत सांगायचा. बायको कधी जेवते हे मात्र त्याला लग्नाला पंधरा वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. विनिताचे दात शिवशिवायला लागले, म्हणून ती वसई रोडला दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तोंडात डोकावून म्हणाले, "चिंचा फार खाता का हो?" ती मान डोलावून सुटली. बाहेर चपला घालत होती, तेवढ्यात नंबर लावणारी बाई टेबल सोडून तिच्यामागे जिन्यापर्यंत आली. तिचं नाव इझाबेल. जवळच्याच उमेळे गावची, विनिताच्याच वयाची.

"तुम्ही चिंच खात नाही," इझाबेल हळूच म्हणाली आणि तिने आपला उजवा हात पुढे केला. बोटांच्या मुळाशी दात लागून पडलेले जुने व्रण होते. तसेच विनिताच्या हातावर होते. घरी ती ते तेलाचे चटके म्हणून खपवायची.

"उलटी झाली की लगेच ब्रश करू नका," इझाबेल म्हणाली. "दात आणखी झिजतात. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि थांबायचं."

विनिताने हात पदराआड ओढून घेतला. एवढ्या वर्षांत या विषयावर तिच्याशी पहिल्यांदाच कोणी बोललं होतं, आणि तेसुद्धा चूळ कशी भरावी याबद्दल! "हे बंद करा असं नाही सांगणार मला?"

"मला सगळे तेच सांगायचे. मम्मी सांगायची, फादर सांगायचे. मी बंद नाही केलं, लपवायला शिकले. बंद व्हायचं तेव्हा होईल. तोवर जिवंत राहायला नको का?"

बुधवारी दवाखाना बंद असायचा, आणि बुधवार हा वार विनिताच्या देवांनीही सोडला होता. त्यामुळे दोघी बुधवारी भेटू लागल्या. इझाबेलच्या घरामागे केळीची वाडी होती. पलीकडच्या वाडीत बिल्डरचे खांब उभे राहत होते. दोघी ओट्यावर समोरासमोर बसून जेवायच्या. इझाबेलने मुंबईला एका मनाच्या डॉक्टरांचे उपचार घेतले होते. त्यातलं काही आणि स्वतःच्या अकलेतलं काही मिळून तिने नियम केले होते. जमेल तेवढं खायचं. दुसरीने किती खाल्लं ते बघायचं नाही. वजनाचं नाव काढायचं नाही. जेवल्यावर एकमेकींना सोडून उठायचं नाही, कारण उठून जायची उबळ बोलता बोलता ओसरते. मध्ये काही चुकलं तर तोंड लपवायचं नाही, येऊन सांगायचं, आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्यायचं. चक्कर आली, छाती धडधडली, तर दुसरीने सरळ डॉक्टरकडे न्यायचं. विनिता यामुळे बरी झाली नाही. पण आठवड्यातून एकदा तरी ती माणसासारखी जेवू लागली, आणि त्या एका दिवसाच्या आधाराने दुसरेही काही दिवस सावरू लागले. पुढे पुढे शनिवार सुटला, मग गुरुवार. सोसायटीला तिने हे कळू दिलं नाही. एवढी कमावलेली अब्रू एकदम कशी सोडणार?

आणि तीच अब्रू शेवटी नडली. खालच्या मजल्यावर जयवंती राऊत राहायच्या, महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांची क्षितिजा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ती एकदा जिन्यात विनिताला भेटली आणि लाजत म्हणाली, "काकू, मीपण तुमच्यासारखे सगळे उपास धरलेत. नुसत्या पाण्यावर." विनिताने तिच्याकडे नीट बघितलं. ड्रेस खांद्यावरून ओघळत होता. मजला चढताना ती दोनदा कठड्याला धरून थांबली. पुढच्याच महिन्यात ती त्याच जिन्यात भोवळ येऊन पडली. जयवंतीबाईंनी दृष्ट काढली.

विनिता त्यांच्या घरी गेली. "जयवंतीताई, पोरीला डॉक्टरला दाखवा. आणि हे उपास आता पुरे."

जयवंतीबाई थक्कच झाल्या. "उपास मोडू? आणि हे तुम्ही सांगता? तुमच्याकडे बघून तर शिकली ती!"

विनिताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती तडक उमेळ्याला गेली आणि इझाबेलसमोर ढसाढसा रडली. "माझा रोग त्या पोरीने धर्म म्हणून घेतलाय गं. डॉक्टरचं ऐकणार नाहीत, माझंही ऐकणार नाहीत. देवाने सांगितलं तरच ऐकतील."

"मग देवाला सांगू दे," इझाबेल म्हणाली.

अशा रीतीने उमेळ्याच्या एका ख्रिस्ती ओट्यावर पंगतीचं व्रत जन्माला आलं. व्रत बुधवारचं. दोघी-तिघींनी समोरासमोर बसून जेवायचं. ताटात जे येईल ते पवित्र. दुसरीच्या ताटात डोकवायचं नाही, मापाचा उच्चार करायचा नाही. जेवण झाल्यावर कहाणी पुरी होईपर्यंत जागचं हलायचं नाही. कहाणी विनिताने रचली. तिच्यात एक राणी होती, राणीच्या सात नणंदा होत्या, आणि गरज पडेल तशी ती कितीही लांबवता यायची. व्रत मोडलं तर प्रायश्चित्त म्हणून मीठ-साखर-लिंबाचं तीर्थ घ्यायचं. देवी कोपत नाही. जयवंतीबाईंना एवढं एकच कलम खटकलं. न कोपणारी देवी कितपत जागृत असणार? पण विनिताताई सांगतायत म्हणजे असेल, असं म्हणून त्यांनी लेकीला बुधवारी रात्री वर विनिताकडे पाठवलं.

पहिल्या बुधवारी क्षितिजाने भात नुसता चिवडला. नियमाप्रमाणे विनिताने तिकडे बघितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या बुधवारी अर्धी पोळी खाल्ली, आणि राणी वनवासात जाईपर्यंत ओढणीचं टोक पिळत पण जागेवर बसून राहिली. एकदा तीर्थ मागायलाही आली, मान खाली घालून. विनिताने पेला दिला आणि सांगितलं, "आलीस हे बरं केलंस." डॉक्टरचं नाव काढलं की पोरगी अजून घाबरायची, आई तर चिडायचीच. पण जिन्यात थांबणं कमी झालं होतं. विनिता मनोमन सुखावली.

इथवर सगळं ठीक होतं. पण आपल्याकडे बायकांना सोपं आणि सुखाचं काही मिळालं, की त्यात नक्की काहीतरी चुकतंय अशी शंका सगळ्यात आधी बायकांनाच येते. व्रताचा बोलबाला झाला. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या नवऱ्याला बढती मिळाली. वर्षाच्या आत शेजारच्या चार इमारतींतल्या खात्यापित्या, धडधाकट बायका बुधवार करू लागल्या. महिला मंडळाने व्रत हाती घेतलं, आणि जयवंतीबाईंनी त्यात सुधारणा केली. "नुसतं जेवून कुठे फळ मिळतं का? उद्यापनाला सोमवार, मंगळवार कडकडीत निर्जळी. बुधवारी संध्याकाळी आरती झाल्यावरच पान वाढायचं."

"व्रतात हे नाही," विनिता म्हणाली.

"तुम्ही सांगितलंत खरं, पण आता ते सगळ्यांचं आहे," जयवंतीबाई प्रेमाने म्हणाल्या.

सगळ्यात जास्त आनंद क्षितिजाला झाला. विनिताने तिच्या डोळ्यांतली ती चमक ओळखली. ती तिने स्वतःच्या आरशात वर्षानुवर्षं पाहिली होती. सोमवारी तिने पोरीला गाठून समजावलं, मंगळवारी हात जोडले. "तुम्ही केलेत ना काकू इतकी वर्षं?" एवढंच ती म्हणाली. 

बुधवारी दुपारी सोसायटीचा हॉल भरला. समोर चौरंगावर देवीचा कलश, बाजूला नैवेद्याचं भरलं ताट, आणि मध्यभागी विनितासाठी पाट, कारण तिची खणानारळाने ओटी भरायची होती. क्षितिजा भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि चेहऱ्यावर मोठ्या समाधानाचं हसू. ते हसू बघितलं आणि विनिताचा धीर सुटला. ती उठली, नैवेद्याचं ताट ओढून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत वरणभात कालवून जेवायला लागली.

ओटीचा नारळ हातात धरून जयवंतीबाई बघतच राहिल्या.

"मी देवासाठी एकही उपास केलेला नाही," घास गिळत विनिता म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला जेवायची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. भीतीने उपाशी राहते, मग खाते, मग ओकते. हे पुण्य नाही, हा आजार आहे. माझ्यासारखं करू नका गं कोणी!"

जन्मभर पोटात ठेवलेलं ती अखेर बोलली होती. आता शिव्या घाला, वाळीत टाका, काय हवं ते करा, असं तिला झालं होतं.

 मागून कोणीतरी किंचाळलं, "अंगात आलं! देवी आली!"

झालं. "देवी जेवली हो, देवी स्वतः जेवली!" असा एकच गलका उठला. कोणी हळदीकुंकू आणलं, कोणी पंख्याने वारा घालू लागलं. "अहो, मी विनिताच आहे!" असं ती ओरडली, तेव्हा दोन बायका आणखी भक्तिभावाने आडव्या झाल्या. जयवंतीबाईंनी तर पायांवर डोकंच ठेवलं. "आई, काय चुकलं आमचं?"

विनिताने खाली पाहिलं. तिचं खरं ऐकायला या हॉलमध्ये कोणीही तयार नव्हतं, आणि देवीचं ऐकायला सगळ्याच तयार होत्या. तिच्या मनात आलं, आपलं खरं राहू दे बाजूला. तिने आवाज चढवला. "आत्ताच्या आत्ता सगळ्यांना पानं वाढ. आणि उद्या सकाळी तुझ्या लेकीला डॉक्टरकडे ने. रक्त तपासून घे. मग मनाच्या डॉक्टरकडे ने. पत्ता विनिता देईल."

डॉक्टरच्या बाबतीत वर्षभर विनिताचं एक अक्षर ऐकून न घेतलेल्या जयवंतीबाई हात जोडून म्हणाल्या, "होय आई."

बायका ओळीने पाया पडल्या. शेवटी क्षितिजा भिंत धरत आली, वाकली आणि तिथेच थांबली. "काकू," ती पायांशीच पुटपुटली, "ते भीतीचं, ते देवी बोलली की तुम्ही?"

"मी."

क्षितिजाने तिचे पाय घट्ट धरले. "मलापण वाटते," ती म्हणाली.

विनिताने तिला खांद्याला धरून उठवलं, समोर बसवलं आणि ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. क्षितिजाने भाताची दोन शितं उचलली आणि तोंडात टाकली. ती हुंदके देत होती. आजूबाजूच्या बायका हात जोडून बघत होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, काय नशीब काढलंय पोरीने!