तीन कोटेशनांचा कॉम्प्युटर

दिवाळीतल्या पाडव्याची सकाळ, सत्तर हजार रुपये रोख, आणि हजर तिघे: आप्पा, काकू आणि मी. भांडगावच्या त्यांच्या ओसरीवर आप्पांनी पैशांचं पाकीट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचाय. तीन कोटेशन मागवा." काकू आत निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

आप्पा, म्हणजे बाळासाहेब, आमच्या शेतकरी सोसायटीचे जुने चेअरमन. पद सुटून बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना चेअरमनच म्हणायचं. मागच्या हिवाळ्यात ते गेले. सोसायटीत मी सचिव म्हणून लागलो तो त्यांच्याच हाताखाली. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि ती आयुष्यभर पुरली: तीन दुकानांचे दर हातात आल्याशिवाय सही करायची नाही, आणि एका दुकानदाराचा दर दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचा नाही.

हा नियम त्यांनी सोसायटीपुरता ठेवला नव्हता. घराच्या रंगाला तीन कोटेशन, थोरलीच्या लग्नाच्या मांडवाला तीन, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तर तीन डॉक्टर. यावर काकू पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "लग्नाला सुदिक तीन पोरी बघितल्या व्हत्या त्यांनी. सगळ्यात कमी बोलणारी म्हनून मला पास केलं. तिथं फसले." आप्पा त्यावर हसत नसत. "कोटेशनमधी माहिती लपवली व्हती पार्टीनं," एवढंच म्हणत.

कॉम्प्युटर कुणासाठी, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्यांचा मुलगा विकास कुरकुंभच्या एका कंपनीत ऑपरेटर. शिफ्ट संपली की घरी येऊन कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचा. आप्पांना वाटायचं, त्यानं सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहावं. त्यानं नाही म्हटलं. एके दिवशी तो ड्युटीवर असताना आप्पांनी त्याचा कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. विकास संध्याकाळी आला, रिकामं टेबल पाहिलं, बॅग भरली आणि दौंडला खोली घेऊन राहू लागला. काकूंना तो फोन करायचा. आप्पांशी बोलणं बंद. सणालाही तो आला नाही, आणि त्या पाडव्याला सकाळी फराळाची ताटं वाढताना काकूंनी चौथं ताट मांडून परत उचललं. सत्तर हजारांचं पाकीट निघालं ते त्यानंतरच.

मी शिरूर, दौंड आणि पुणे अशा तीन ठिकाणी चौकशी केली. मध्यम बजेट, गेमसाठी, पडद्यासकट. तिन्ही दुकानांनी आपापला पूर्ण संच लिहून दिला: प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, हे सगळं आत बसवायची पेटी वगैरे. सगळ्यात स्वस्त संच पुण्याचा, एकोणसत्तर हजार नऊशे. मी सवयीप्रमाणे तुलनात्मक तक्ता केला. आप्पांनी चष्मा लावून तो वाचला आणि लाल पेनानं प्रत्येक ओळीतल्या सगळ्यात कमी आकड्याला गोल केला. प्रोसेसर शिरूरचा, मदरबोर्ड आणि पेटी दौंडची, ग्राफिक्स कार्ड आणि पडदा पुण्याचा. बेरीज सहासष्ट हजार आठशे. "तीन हजार शंभर वाचले," ते म्हणाले. मलाही ते पटलं. सिमेंट, पत्रे, खत आम्ही असंच घेत आलो होतो.

माझ्या गाडीतून आम्ही चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला गेलो. तिथले दुकानदार सॅम्युअलभाऊ शांत, नेमके गृहस्थ. प्रोसेसरची डबी हातात देण्याआधी त्यांनी विचारलं की बोर्ड कुठला घेणार आहात. आप्पा ताठ झाले. "तुमचा आयटम तुम्ही द्या. दुसऱ्या पार्टीचं आम्ही सांगत नसतो." सॅम्युअलभाऊ म्हणाले, दर नको, नुसतं बोर्डाचं नाव सांगा. आप्पांनी तेही सांगितलं नाही. परत येताना गाडीत मला म्हणाले, "बघितलं? कसा काढून घेत व्हता." दौंडच्या दुकानातही हाच प्रश्न आला आणि हेच उत्तर गेलं.

सगळे खोके ओसरीवरच्या पलंगावर मांडले. काकूंनी हळदकुंकू लावलं. जोडणीसाठी केडगावचा दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं बोर्ड उघडला, प्रोसेसर वर धरून पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "चेअरमन, हे कुणी काढून दिलं?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी तक्त्याकडं. प्रोसेसर एका कंपनीचा होता आणि बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला. तो त्यात बसणारच नव्हता. शिवाय ग्राफिक्स कार्ड त्या पेटीत ठेवलं तर दोन बोटं बाहेर राहत होतं. खोके फोडलेले, दौंडवाला माल परत घेईना. दुरुस्तीवाला चहा पिऊन निघून गेला.

आप्पा किती तरी वेळ त्या पलंगाकडं पाहत बसले. नुकसानीचं त्यांना फारसं वाटलं नसावं. हा कॉम्प्युटर तयार करून, चालू करून विकासला बोलवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आता दाखवायला खोके होते. मी म्हणालो, जोडणारा दुसरा माणूस शोधू. काकू आतूनच बोलल्या, "माणूस कशाला शोधताय? त्यातलं कळणारा एक हाय की आपल्या घरात."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खोके तसेच, वर चादर घातलेली. त्यांनी माझ्याकडं फोन मागितला. स्वतःच्या फोनवरून विकास उचलेल याची त्यांना खात्री नव्हती. लागल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "विकास, आप्पा बोलतोय. एक तांत्रिक सल्ला पायजे."

तो पहिली पाळी संपवून कंपनीच्या निळ्या शर्टातच आला. उंबऱ्यापाशी सेफ्टी बूट काढायला वाकला, तिथूनच त्याला पलंग दिसला. आत येऊन त्यानं एकेक खोका उचलून वाचला. मग तक्ता मागितला. लाल गोल बघत गेला आणि त्याला हसू आवरेना.

"आप्पा, प्रत्येकाचा लोएस्ट घेतलाय तुम्ही?"

"मग काय हायेस्ट घ्यायचा?"

"कुनासाठी घेतलाय पण?"

आप्पा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "ज्याचा भंगारात घातला, त्याच्यासाठी."

विकासचं हसू थांबलं. काकूंनी चहा आणून ठेवला, तो कुणी घेतला नाही. मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि ग्राफिक्स कार्डाचा खोका मांडीवर घेऊन म्हणाला, "कार्ड चांगलं हाय. हे मीबी घेतलं आसतं." आणि त्यानं बापाला समजावून सांगायला सुरुवात केली. आधी पडदा आणि गेम कोणते ते ठरवायचं, त्यावरून कार्ड. कार्डाला किती वीज लागते त्यावरून पॉवर सप्लाय. तिथं पैसे वाचवायचे नाहीत. प्रोसेसर आणि बोर्ड नेहमी जोडीनं. पेटी सगळ्यात शेवटी, आणि ती पट्टीनं मोजून. आप्पा वार्षिक सभेतल्या सभासदासारखे उलटसुलट प्रश्न विचारत होते. चहा निवून साय आली तरी दोघं बोलत होते. आत काकूंनी तांदूळ धुवायला घेतले तेव्हा मी उठलो. विकासनं मला जेवूनच जा म्हटलं. त्या घरात जेवायचा आग्रह तो करत होता, हे काकूंनीही ऐकलं असणार.

त्याच्या पुढच्या सुट्टीला आम्ही तिघं पुण्याला गेलो. विकासनं प्रोसेसरला बसणारा बोर्ड आणि मोठी पेटी निवडली. एकच दुकान, एकच दर. आप्पांचा चेहरा कसनुसा झाला. बिल अकरा हजार चारशे झालं. आप्पांचा हात बंडीच्या खिशाकडं गेला तसा विकास म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. हे माझं." आप्पांच्या देखत दुसऱ्या कुणी बिल दिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी हात काढून घेतला आणि तो काउंटरवर ठेवला.

दुकानदारानं नाव विचारलं, मग पत्ता. विकासनं सांगितलं, "भांडगाव." दुकानदार म्हणाला, माल घरपोच पाठवायचा असेल तर राहत्या जागेचाच पत्ता द्या. विकास म्हणाला, "तोच दिलाय."

एकूण खर्च अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे, म्हणजे पुण्याच्या पूर्ण संचापेक्षा आठ हजार तीनशे जास्त. पैकी सहासष्ट हजार आठशे आप्पांनी तीन दुकानांत मिळून दिले. उरलेले अकरा हजार चारशे विकास बाळासाहेब, राहणार भांडगाव, यांनी पुण्याच्या दुकानदाराला रोख दिले.