प्लगची वायर अन् वरच्या क्वार्टरातलं मत

आमच्या वरच्या क्वार्टरात माझा दोस्त राहायचा, गोंदियाकडचा. कारखान्यात त्याची युनियन वेगळी, माझी वेगळी. तरी ड्युटीवर दोघं माझ्याच स्कूटरवर जायचो, कॉलनीतल्या सेक्टरपासून कारखान्याच्या गेटापर्यंत कडाकडा भांडत. खरं सांगतो, तो सुटीवर असला का मले दिवस गोड लागत नसे.

मॅनेजमेंटशी कोणत्या युनियननं बोलायचं, याचं मतदान आलं, अन् नेमका त्याचा पाय प्लास्टरमध्ये. "मले नेशील ना गा?" त्यानं विचारलं. "नेतो ना!" मी म्हटलं. पण आदल्या दिवशी त्यानं चारचौघांत आमच्या नेत्याले चोर म्हटलं, अन् माझं डोकंच सटकलं. आमचे युनियनवाले म्हणाले, "राहू दे त्याले घरीच. असल्यांले मताचा हक्क कशाले पाहिजे?" अन् मी मान डोलावली! मतदान होऊ न देणारे अतिरेकी म्हटलं का आपण जंगलातल्या नक्षल्यांकडं बोट दाखवतो. माझ्यापाशी काही बंदूक नव्हती, पण काम मी तेच केलं. मी सकाळी उठून स्कूटरच्या प्लगची वायर उपसून ठेवली.

तो जिन्यावरून एकेक पायरी बसत बसत उतरला. इस्त्रीचा शर्ट, केसाले तेल, जसा लग्नालेच निघाला. मी किक मारून राहिलो, घाम पुसून राहिलो, सारं नाटक. त्यानं घड्याळ पाहिलं अन् एकदम ओरडला, "सोड बे माझा नाद! पळ, बस पकड! माझ्यापायी तुझं मत बुडलं तर कसं गा?"

माझं मत! म्हणजे त्याच्याच युनियनच्या विरोधातलं! राजेहो, मले अशी लाज वाटली का डोळ्यात पाणीच आलं. त्याच्यासमोरच वायर लावली. त्याले सारं कळलं. तो मागे बसला अन् प्लास्टरचा पाय आडवा धरला. पहिल्या वळणावरच आमच्या नेत्यावर घसरला. मीही सुटलो. रस्त्यानं लोक त्या पायाले वाट देऊन राहिले, हसून राहिले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

गेटावर आमच्याच माणसांनी अडवलं. "याले कावून आणलं? हरवतं का आमाले?"

"हरलो तर मोजून हरू!" मी खेकसलो अन् त्याच्या काखेत हात घालून रांगेत उभा केला.

आम्ही हरलो, थोडक्यात हरलो. घरी बायको म्हणाली, "एक मत तर तुमीच नेऊन दिलं त्याइले."

"दिलं ना," म्हटलं. "त्याचंच होतं."