मीटर आप्पांच्या नावावर

दादा गेल्यावर भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "लाईट गेली होती का?" नव्हती गेली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात ते राहायला नको. त्या दिवशी मोशीत सकाळपासून लाईट होती, मशीन चालू होतं, बॅटरी भरलेली होती… सगळं होतं. मी शिकवते त्या शाळेत मधली सुट्टी चालू असताना दादाच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. "आत्या, तू लगेच निघ." एवढंच बोलली. "बाबांना बरं वाटत नाहीये" असंही म्हणाली नाही, तेव्हाच मला समजलं. पिंपळे सौदागरहून रिक्षानं मोशीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादा खाटेवर शांत पडला होता, वहिनी त्याच्या पायाशी बसल्या होत्या आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. ते बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. नळी उशीवर पडली होती. उचलली तर तिच्यातून हवा येत होती, बोटांना गार लागत होती. बटण मी दाबलं. दोन वर्षं ज्या आवाजाकडे सगळं घर कान लावून होतं, तो माझ्या हातानं बंद झाला. कुणीतरी तो बंद करायलाच हवा होता, हे कळतं मला. पण कळून काही उपयोग होत नाही.

दादा म्हणजे मिलिंद कांबळे, माझा थोरला भाऊ. चाकणच्या एका फाउंड्रीत त्यानं बावीस वर्षं काढली. ओतून निघालेल्या लोखंडी भागांवर चिकटलेली वाळू घासून काढायचं त्याचं काम. शिफ्ट संपवून घरी यायचा तेव्हा भुवयासुद्धा राखाडी झालेल्या असायच्या. आई म्हणायची, "आधी तोंड धू, मग वळखते तुला." ती वाळू नुसती भुवयांवर बसत नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून फुप्फुसं दाखवली तेव्हा दादा म्हणाला, "सायेब, यातला निम्मा माल कंपनीचा हाय. परत द्यावा लागंल का?" डॉक्टर हसले, मीही हसले. दादासमोर हसावंच लागायचं, रडायची सोय त्यानं कधी ठेवली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र तो चारदा थांबला आणि चारही वेळा भिंतीवरच्या पाट्या वाचत असल्याचं सोंग केलं. मीही त्याच्याबरोबर त्या पाट्या वाचल्या.

मशीन घरी आलं त्याच उन्हाळ्यात एका दुपारी वळवाचं वादळ झालं आणि तारांवर झाड पडलं. घरातला जुना इन्व्हर्टर तासाभरात बसला. छोटा सिलिंडर होता, पण तो निम्माच भरलेला. प्रज्ञा एकसारखी वीज कंपनीला फोन लावत होती आणि पलीकडून "काम चालू आहे" एवढंच उत्तर मिळत होतं. दादा गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसला होता, ओठ निळसर पडलेले. मी शाळेतल्या वहीनं त्याला वारा घालत होते. वारा घालून काय होणार होतं? खोलीत हवा कमी नव्हती, त्याला ती घेता येत नव्हती. हे कळत असूनही मी वही हलवत राहिले, कारण दुसरं काही हातात नव्हतं. सिलिंडर संपत आला आणि लाईट आली. दहा मिनिटांनी दादाला बोलण्याइतका दम आला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "शोभे, वर जा आन् गच्ची किती लांब-रुंद हाय ते मोजून ये. सोलर बसवायचं."

गच्चीवर तो स्वतः जाऊ शकत नव्हता. जिन्याला अठरा पायऱ्या, आणि त्याला मोरीपर्यंत जाऊन आलं तरी पाव तास बसून राहावं लागे. मग दादाचे पाय मी झाले. दर रविवारी मोशीला जायचं, फोन कानाला लावून गच्चीवर चढायचं आणि खालच्या खाटेवरून येणारे हुकूम पाळायचे. "टाकीपासून कठड्यापर्यंत मोज. आता खराटा उभा धर. सावली कुठवर पडती?" मी म्हणायची, "माझ्या पायापर्यंत." तो म्हणायचा, "आन् तुझा पाय कुठं हाय, ते कोण सांगणार?" सकाळी दहाला, दुपारी एकला आणि संध्याकाळी चारला अशी दिवसातून तीनदा मी खराटा घेऊन उन्हात उभी राहायची. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका विचारायच्या, "बाई, कुणाला हाणायला उभ्या राहिलाय?" मी वैतागून दादाला म्हणायची, "एक पॅनल माझ्याच डोक्यावर बसव, म्हणजे सावलीची भानगडच नको." त्यावर तो हसायचा, हसला की खोकायचा आणि खोकला की वहिनी फोन हिसकावून मलाच झापायच्या. वहीत त्यानं अख्खी गच्ची काढली होती. दक्षिणेच्या कोपऱ्यातली पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, डिशची छत्री, प्रत्येकाची सावली महिन्यावार. हिवाळ्यात टाकीची सावली निम्म्या गच्चीवर पसरते, म्हणून ती उत्तरेच्या बाजूला जिन्याच्या खोलीवर चढवायची, हेही त्यानंच ठरवलं. फक्त त्यातलं काहीच तो डोळ्यांनी बघू शकत नव्हता. मी सांगेन ते खरं, असं धरून तो रेघा मारायचा. एकदोनदा मी कंटाळून अंदाजेच आकडा सांगितला, ते त्याला बरोबर कळलं. "परत मोज," एवढंच म्हणाला.

मोशीच्या चौकात सलीमभाईंचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. सोलरची कामंही ते घेतात. ते पाहणीला आले, गच्चीवर जाऊन आले आणि दादाची वही चाळून म्हणाले, "काका, मला बोलावलं कशाला? सगळं तर तुम्हीच करून ठेवलंय." दादा खुलला. मग सलीमभाईंनी हळूच सांगितलं की नुसती पॅनल बसवली तर लाईट गेली की तीही बंद पडतात. तारांवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तशीच रचना असते. मशीन चालू ठेवायचं तर बॅटरीवालं सोलर लागेल. दादाचा चेहरा उतरला. बाहेर ऊन आहे तोवर मशीन बंद पडायचं नाही, एवढ्या एका भरवशावर त्यानं महिनोन्महिने रेघा मारल्या होत्या. पण तो सावरला. "बरं, बॅटरीवालं घेऊ," म्हणाला. सलीमभाईंनी तोवर इन्व्हर्टरला मोठी बॅटरी जोडून द्यायचं कबूल केलं आणि लाईटबिल मागितलं. "मीटर कुणाच्या नावावर आहे? हे किसन कांबळे कोण?" मी म्हटलं, "आमचे वडील, आप्पा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आईही आता नाही." "मग आधी नाव बदलून घ्या, ताई. अर्ज ज्याचा, मीटर त्याच्या नावावर पाहिजे. तुम्ही दोघंच वारस ना? दोन सह्या. आठ दिवसांचं काम."

ते आठ दिवसांचं काम पुढचे चौदा महिने झालं नाही. नव्या बॅटरीनं त्या काळात आम्हाला निभावून नेलं, पण दिवसभर लाईट गेली तर काय, ही धाकधूक कायम होती. मी फॉर्म आणला, दादाचं नाव घालून स्वतः भरला, माझी सही केली आणि त्याच्या उशाशी ठेवला. पुढच्या रविवारी गेले तर फॉर्म तिथंच. "चष्मा सापडंना," म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी पेन सापडत नव्हतं. मग म्हणे प्रज्ञाला विचारून करतो, आणि प्रज्ञाला विचारावं तर ती म्हणे, "बाबा मला काहीच बोलले नाहीत." शेवटी एकदा स्पष्टच म्हणाला, "आप्पांचं नाव ऱ्हाऊ दे थोडे दिस."

त्याचा हात कुठं अडतोय हे मला कळलंय, असं मी धरून चालले. आप्पा लातूरकडून पिंपरीच्या कारखान्यात आले तेव्हा गेटवर ते टोकन नंबर होते आणि चाळीत ‘लातूरवाले’. मुकादम त्यांना ‘ए किसन्या’ म्हणून हाक मारायचा. मोशीत दोन खोल्या बांधल्या, मीटर बसलं आणि पहिलं बिल आलं. त्यावर छापलं होतं, श्री. किसन सटवाजी कांबळे. आप्पांना अक्षर अक्षर जोडून वाचता यायचं, पण त्या दिवशी त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं, "श्री पन लिवलंय का?" मी तेव्हा चौथीत होते. "लिहिलंय, आप्पा," म्हटलं. दादा शेजारीच उभा होता. त्यानं ते बिल खिळ्याला लावलं, ते पिवळं पडून फाटेपर्यंत तिथं होतं. आता तेच नाव दादाला खोडवत नसणार, यात मला काहीच नवल वाटलं नाही. राग मात्र यायचा. आपला भाऊ श्वासाश्वासाला झगडतोय आणि एका कागदावरच्या नावासाठी अडून बसलाय, हे बघवत नव्हतं. दिवाळीच्या आधी एका रविवारी मी त्याला नको ते बोलले. "गेलेल्या माणसाच्या नावापायी जित्या माणसानं गुदमरून जायचं का?" वहिनी आत निघून गेल्या. दादा माझ्याकडे बघून नुसता हसला आणि म्हणाला, "च्या टाक, शोभे. लई बोललीस, घसा सुकला असंल." मी चहा टाकला. त्यानंतर फॉर्मचा विषय मी काढला नाही आणि त्यानंही नाही. मला वाटलं, जिंकला हट्टी माणूस.

शेवटचा रविवार अगदीच साधा गेला. दादानं मला पुन्हा वर जायला सांगितलं, खराटा घेऊन. मी म्हटलं, "आता काय मोजायचं राहिलंय? सगळ्या सावल्या झाल्या तुझ्या." तो म्हणाला, "मोजू नको. नुसती जा आन् ऊन कसं पडलंय ते सांग." माझे गुडघे दुखत होते. "पुढच्या रविवारी," म्हटलं… पुढच्या रविवारी घरात दादाचा जलदान विधी होता.

विधीनंतर तीन-चार दिवसांनी सलीमभाई भेटायला आले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "काकांचा दिवाळीनंतर मला फोन आला होता, ताई. म्हणाले, बॅटरीवालं नको, साधंच बसवा. मी विचारलं, काका, मग मशीनचं काय? तर म्हणाले, तोवर मशीन लागायचं नाही. मी खूश झालो हो. मला वाटलं, काकांना बरं वाटायला लागलं." वहिनी उठल्या आणि त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकचं फोल्डर आणून माझ्यासमोर ठेवलं. आत मीटरवरचं नाव बदलायचा फॉर्म होता. मी दिलेला नव्हे. हा कोरा फॉर्म दादानं प्रज्ञाकडून छापून घेतला होता आणि "आत्याला बोलू नको" अशी तिला तंबी दिली होती. सगळा फॉर्म त्यानं स्वतःच्या ठसठशीत अक्षरात भरला होता. नवीन ग्राहकाचं नाव, श्रीमती सुमन मिलिंद कांबळे. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या, नवरा समोर खाटेवर बसलेल्या बाईला त्यानं ‘सौ.’ लिहिलं नव्हतं. मी वहिनींकडे बघितलं.

"म्या इचारलं व्हतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "म्हनले, आप्पांचं काढून माझं लावायचं, आन् वरीसभरात माझं काढायला तुमी परत हेलपाटे घालायचे. एकदाच काय ते करा. आन् शोभीला सांगू नको, ती रडत बसंल."

इतके महिने मी त्याच्याशी आप्पांच्या नावावरून भांडत होते आणि तो मात्र स्वतःच्या नावाविषयी बोलत होता. मी त्याला नको ते बोलले तेव्हा एका वाक्यात तो मला गप्प करू शकला असता. त्यानं चहा टाकायला सांगितला.

खाली वारसांचा तक्ता होता. त्यात दोन नावं. माझ्या नावासमोर सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारली होती. वरच्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव, आणि सहीच्या जागी, त्याच अक्षरात, ‘मयत, दिनांक’ असं लिहिलं होतं. त्यापुढं जागा सोडली होती. वहिनींनी पेन माझ्याकडे सरकवलं. "भरा, ताई. माज्यानं हुईना." सलीमभाई दाराबाहेर बघत बसले. मी आधी फुलीवर सही केली. मग वरच्या ओळीकडे वळले, तर भरायला दोनच रकाने होते, दिवसाचा आणि महिन्याचा. वर्ष त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं, आणि ते बरोबर होतं.